दुर्गे सरांची ओव्हरची वही

पत्रक काढायचं तर आधी शत्रू ठरवावा लागतो. शत्रू ठरला की मथळा सुचतो, मथळा सुचला की खालच्या मागण्या आपोआप रांगेत येऊन उभ्या राहतात. गेली काही वर्षं मी आदिलाबाद जिल्ह्यात हेच करतेय. मराठी शाळा एकेक करून बंद पडतायत, त्या पडू देऊ नका म्हणून ओरडणाऱ्या चार-दोन पोरापोरींतली मी एक. माझ्या पत्रकांत साहेब असतात, बाबू असतात, एखादा पुढारी असतो. दुर्गे सर कधी नसायचे. ज्या पत्रकात ते यायला नको होते, नेमके त्यातच आले, नाव न छापता आले. त्यांची शाळा, म्हणजे माझीही शाळा, वाचवायला मी जे छापलं त्यानंच ती गेली. हे पत्रक नाही. यात मागणी एकही नाही.

गावाचं नाव लिहीत नाही. का, ते पुढे कळेल. पैनगंगेच्या अलीकडचं गाव, एवढं पुरे. नदीपलीकडे महाराष्ट्र. आमच्या घराघरांतल्या बाया कापसाच्या हंगामात पूल ओलांडून पलीकडच्या वावरांत वेचायला जातात. शाळा सातवीपर्यंतची, मराठी माध्यमाची. दोन खोल्या, एक व्हरांडा, दोन मास्तर. त्यातले एक दुर्गे सर, इंग्रजीचे.

सर उंच आणि वाळके. भर मे महिन्यातही शर्टाच्या बाह्या मनगटापर्यंत बटणं लावलेल्या. खिशात दोन पेन, निळा आणि लाल. कुठेही गेले की दाराकडे तोंड करून बसायचे. माणूस तोंडाने काय बोलतो त्यापेक्षा तो कोणाकडे बघून बोलतो, यावर त्यांचं लक्ष. सरकारी ऑफिसात चहा घ्यायचे नाहीत. "ऑफिसातला चहा पेला का अर्धी सई झाली समज," असं म्हणायचे. आणि कागद आला की तो मनातल्या मनात कधी वाचायचे नाहीत. बोट ठेवून, मोठ्यानं, देणाऱ्याच्या समोर. मंडळाच्या, म्हणजे आमच्याकडच्या तालुक्याच्या, ऑफिसातला बाबू वैतागून म्हणायचा, "क्या सर, हर लेटर का भाषण करते तुम." सर म्हणायचे, "भाषण नही बाबूजी. तुमने क्या लिखा, वो तुम भी सुन लो."

सर म्हटले की सगळ्यांना आधी आठवते ती त्यांची वही. निळ्या कव्हरची, कोपरे दुमडलेली. गावात तिला 'ओव्हरची वही' म्हणायचे. इंग्रजीत ज्या शब्दापुढे 'ओव्हर' लागतो तो शब्द सरांना कुठेही दिसला, ऐकू आला, की वहीत जायचा. ट्रकच्या मागून, दवाखान्याच्या चिठ्ठीवरून, साहेबांच्या तोंडून, नोकरीच्या फॉर्मवरून. आणि नुसता शब्द नाही. समोर तीन रकाने: कोण म्हणालं, कोणाला म्हणालं, माप कोणाचं.

'ओव्हरएज. खिडकीतला बाबू. आपल्या गावच्या वाल्मिकला, भरतीच्या फॉर्मवर. माप: माहीत नाही, विचारलं तर खिडकी बंद.'

'ओव्हरअ‍ॅक्टिंग. दवाखान्यातली सिस्टर. कळा येत असलेल्या बाईला. माप: सिस्टरचं.'

'ओव्हरस्मार्ट. मंडळाचे साहेब. मला. माप: साहेबांचं.'

शेवटच्या पानावर सरांनी वेगळी यादी केली होती. ओव्हरब्रिज, ओव्हरकोट. वर लाल शाईत लिहिलेलं: 'चौकशी केली, निर्दोष.' ते वाचून आम्ही पोरं हसलो तर सर हसले नाहीत. म्हणाले, "निर्दोष कोन हाय, हे बी लिहून ठेवाव लागते. नाई तं माणूस सगळ्यायलेच चोर समजते."

पाचवीत त्यांनी आम्हाला 'ओव्हर' शिकवला तो दिवस मला नीट आठवतो. एक बादली पाणी आणि एक पितळी लोटा आणवला. लोट्यात पाणी ओतत राहिले. भरला, काठावर फुगला, मग सांडायला लागला. फळ्यावर लिहिलं, ओव्हरफ्लो. विचारलं, "सांगा, काय झालं?"

"पानी जास्त झालं सर!" सगळा वर्ग.

"पक्कं?"

"पक्कं!"

"लोटा लहान नसन?"

मागून कोणीतरी म्हणालं, "सर, लोटा तं तुमीच आनाले लावला ना."

सर इतके खूश झाले की त्या पोराला त्यांनी आपला निळा पेन देऊन टाकला. मग फळ्यावर मराठीत लिहिलं: जास्त, तर कशापेक्षा? म्हणाले, "कोनी तुमाले ओव्हर म्हटलं का रडाचं नाई, भांडाचं बी नाई. आदी हे विचाराचं. जो मापून बोलते तो सांगन. ज्यानं मापलंच नाई तो चिडन."

पाणी पायाखालून व्हरांड्यात गेलं होतं. सरांची चप्पल भिजली. इंग्रजीचा तास संपला होता आणि आम्हाला इंग्रजीचा एकच शब्द आला होता. बाकीच्या मास्तरांची तक्रार हीच असायची, की दुर्गे सर पुस्तक संपवत नाहीत. ती तक्रार खरी होती.

मी सातवीत असताना सव्वीस जानेवारीला भाषण केलं. जिल्ह्यावरून एक पाहुणे आले होते, पांढरा शर्ट, गळ्यात हार. भाषणात मी देशाविषयी चार वाक्यं बोलले आणि मग शाळेत पोरींसाठी संडास नाही, हे सांगितलं. ते पाठ केलेल्या कागदावर नव्हतं. पाहुणे बक्षीस देताना माइकवर म्हणाले, "मुलगी हुशार आहे, पण जरा ओव्हरकॉन्फिडंट आहे." सगळे हसले. मीही हसले, कारण सगळे हसत होते.

दुर्गे सर उभे राहिले. माइक नव्हता त्यांच्याकडे, लागलाही नाही. "साहेब, किती कॉन्फिडन्सवर संडास भेटते तेवढं सांगून द्या. पोट्टी तेवढाच आणन."

पाहुण्यांनी घड्याळात पाहिलं. संडास पुढची दोन वर्षं झाला नाही आणि सरांच्या वहीत त्या दिवशी दोन शब्दांची भर पडली. एक माझ्या नावे, एक त्यांच्या: मंडळाच्या साहेबांनी तिथंच बहाल केलेला 'ओव्हरस्मार्ट'. मी पत्रकं लिहिते ती त्या सकाळपासून, असं मी भाषणात सांगते. सरांना ते आवडायचं नाही. "माह्या नावानं कायले खपवतं? तू आदीपासूनच भांडखोर होतीस," म्हणायचे.

पण ते एकतर्फी माणूस नव्हते, हे लिहिलंच पाहिजे. नाही तर मी त्यांचं पत्रक करून ठेवीन. एकदा कुंटाला धबधब्याला सहल नेली. नेरडीगोंड्याच्या अलीकडे हायवेवर पोलिसानं ऑटो थांबवला. आत आम्ही कोंबलेले, एक पोरगा ड्रायव्हरच्या मांडीवर.

पोलिस ओरडला, "ओव्हरलोड! एक्कुव मंदि!" तेलुगूत जास्त माणसं.

आम्ही सगळ्यांनी आनंदानं सरांकडे पाहिलं. आता हा माणूस गेला, असं आम्हाला वाटलं. सर खाली उतरले, बाही नीट केली आणि तेलुगूतच विचारलं, "देनिकन्ना एक्कुवा?" कशापेक्षा जास्त?

पोलिस काही चिडला नाही. त्यानं ऑटोच्या बाजूला रंगवलेला आकडा दाखवला, मग मागून भरधाव येणारा कंटेनर दाखवला. सर दोन्हीकडे पाहत राहिले. मग आमच्याकडे वळून म्हणाले, "ह्याचं माप बराबर हाय. अर्धे उतरा." आणि त्या अर्ध्यांना घेऊन हायवेच्या कडेनं पायी निघाले. दुपारभर चालत. वहीत 'ओव्हरलोड'समोर माप या रकान्यात त्यांनी लिहिलं, 'लेकरांच्या जिवाचं. बरोबर.' पुढच्या वर्षीपासून सहलच बंद झाली, कारण दुसरा ऑटो परवडत नव्हता. हेही तेवढंच खरं.

मी आदिलाबादला शिकायला गेले, तिथेच राहिले, पत्रकं काढू लागले. प्रत्येक पत्रक सरांना दाखवायचे. ते बोट ठेवून मोठ्यानं वाचायचे आणि लाल पेनानं माझे शब्द खोडायचे. 'घोर अन्याय' यातला 'घोर' खोडला. 'प्रचंड संताप' यातला 'प्रचंड' खोडला.

"सर, असं सपाट कोण वाचतं?"

"सुजे, तू बी ओव्हरच करून राह्यली. तुह्या हातात कागद हाय म्हून तुले दिसत नाई. अन्याय लिह. घोर हाय का नाई, ते वाचनाऱ्याले ठरवू दे."

मला राग यायचा. मला वाटायचं, सर म्हातारे होतायत, साहेबांना घाबरायला लागलेत. खरं सांगते, तिथूनच माझ्या मनात थोडा थोडा संशय सुरू झाला. जो माणूस प्रत्येकावर संशय घेतो, त्याच्याकडे लपवण्यासारखं काहीतरी असतं, असा मला माझ्या धंद्यानं शिकवलेला नियम आहे.

दोन वर्षांपूर्वी संक्रांतीच्या सुमाराला शाळेला पत्र आलं. 'ओव्हरस्टाफ.' पोरं कमी, मास्तर जास्त. शाळा पुढच्या गावातल्या तेलुगू माध्यमाच्या शाळेत विलीन करण्याचा प्रस्ताव. पुढचं गाव चार मैलांवर. आमच्या पोरांना तेलुगू एक विषय म्हणून येतं, पण गणित तेलुगूत कोण समजून घेणार? पोरी तर घरीच बसणार. शाळा गेली तर त्या थेट वेचणीला लागणार, हे गावातलं शेंबडं पोरही सांगत होतं.

मी तिथंच पत्रक लिहायला घेतलं. मथळा जोरदार. 'पोरं कमी म्हणता? पट तपासा! हजेरी तपासा!' माझा हिशोब सरळ होता: ऑफिस खोटं बोलतंय, शाळा खरी आहे. हजेरीपट उघडला की साहेबांचं तोंड बंद होणार.

सरांनी पत्रक हातात घेतलं. नेहमीसारखं मोठ्यानं वाचायला लागले. मथळ्यावर बोट थांबलं.

"ही ओळ काढ."

"काऊन?"

"काढ म्हनतो."

"सर, हीच तर ओळ आहे! बाकी सगळं तर रडगाणं आहे. काऊन काढू, सांगा ना."

सर दाराकडे पाहत राहिले. ज्या माणसानं मला प्रत्येक वेळी कारण विचारायला शिकवलं, तो मला कारण देत नव्हता. "सुजे, काई गोष्टी छापासाठी नसतात," एवढंच म्हणाले.

मी ओळ काढली नाही. उलट ती ठळक टाइपात टाकली. मी स्वतः याच गावची, आठवी-नववीत दोन हंगाम पुलापलीकडे कापूस वेचलेली. हंगामात वर्ग कसे अर्धे रिकामे होतात, हे मला माहीत होतं. पण 'हजेरी तपासा' लिहिताना ते माझ्या डोक्यात आलंच नाही. पत्रकातलं गाव नेहमी नितळ असतं. त्यात पोरं रोज शाळेत जातात आणि फक्त साहेब वाईट असतात. मी माझ्याच पत्रकातल्या गावावर विश्वास ठेवला.

मागणी मान्य झाली. माझी इतक्या लवकर मान्य झालेली ती पहिली मागणी. महिनाभरात तपासणी आली.

तपासणी अधिकारी तरुण होता, तेलुगू, बोलायला मऊ. मला शत्रू म्हणून तो अगदीच निकामी वाटला. त्यानं हजेरीपट मागितला. मी गावकऱ्यांबरोबर व्हरांड्यात उभी होते, जिंकल्यासारखी. त्यानं पानं उलटली. एक पान, दुसरं, तिसरं. मग चष्मा काढून पुसला.

दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत पानंच्या पानं तशी. सकाळच्या निळ्या शाईत 'गैरहजर'. त्याच्यावर लाल शाईनं गिरवलेलं 'हजर'. प्रत्येक ठिकाणी सरांची छोटी सही.

"सर, इदि एंटि?" हे काय?

"ओव्हररायटिंग," सर म्हणाले.

"अब्सेंट को प्रेझेंट किए आप?"

"किया."

"क्यूं?"

अधिकाऱ्यानं दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा हळू आवाजात, जवळजवळ विनवल्यासारखं विचारलं. सरांचं तोंड बंद. मी व्हरांड्यातल्या बायांकडे पाहिलं, कोणीतरी काहीतरी बोला म्हणून. सगळ्या पायांकडे बघत होत्या. पंचफुला मावशी, जिची दोन पोरं चौथीत आणि सहावीत होती, तिनं पदर तोंडात धरला होता.

गाडी गेल्यावर मी सरांना आडवी गेले. "सर, खोटी हाजरी मांडली तुमी?"

"तुले काय वाटते?"

"मले वाटते, मांडली."

"मंग तसंच समज." आणि मोपेडला किक मारून गेले.

मी दोन महिने त्यांच्याशी बोलले नाही. पण गप्पही बसले नाही. गप्प बसणं मला जमत नाही. मी चौकशी करू लागले, अगदी सरांनीच शिकवलेल्या पद्धतीनं: कोण म्हणालं, कोणाला, माप कोणाचं. आणि जे कळत गेलं त्यानं संशय वाढतच गेला. चहाच्या टपरीवाला म्हणाला, हंगामात सरांची मोपेड रोज दुपार कलली की पुलावरून पलीकडे जाते, दिवस मावळायला परत येते. एकानं सांगितलं, पलीकडच्या मालकानं सरांच्या घरी तुरीचं पोतं पाठवलं होतं. मी जोडणी केली. मास्तर दुपारी गायब, हजेरी बनावट, मालकाशी लागेबांधे. दुसरं पत्रक मी मनातच लिहून टाकलं. मथळा होता, 'बनावट पट, बनावट गुरुजी'.

ते छापण्याआधी गावाचं एक तरी तोंड हवं होतं. म्हणून पंचफुला मावशीकडे गेले. ती चुलीपाशी भाकऱ्या थापत होती. मी कागद वाचून दाखवला. तिनं भाकर तव्यावर टाकली, हात पुसले.

"आन तो कागद इकडं."

"मावशी, सही नको, नुसतं तुमचं म्हणणं..."

"हे छापशील तं मीच गावभर फिरून फाडीन. अन् तुले बी पाहीन." मग खाली बसली आणि एकदम रडायलाच लागली. रडता रडता बोलत राहिली. "अवं बावा, पोट्ट्यायले घरी कोनाजवळ ठेवू? मी वावरात, मोठी पोट्टी वावरात. लेकरं बी संगच येतेत, वेचतेत. दोन हंगाम सर पाहत राह्यले. तिसऱ्या सालापासून शाळा सुटली का येतेत पुलापलीकडं. आमी वेचतो, अन् सर वावराच्या बांदावर, धुऱ्यावर बसून लेकरायचे पाढे घेतेत, इंग्रजी घेतेत. रोज. एक दिवस चुकले नाई. तवा घरी येऊन लाल पेनानं हजर मांडतेत. हजर होते ना लेकरं? होते का नाई?"

"मग हे साहेबांना का नाही सांगितलं?"

मावशीनं माझ्याकडे अशी नजर टाकली की मला माझी सगळी पत्रकं एकदम आठवली. "वावरात लेकरं वेचून राह्यले, असं कागदावर लिहून देऊ? मंग पोलिस कोनाले नेतीन? मालकाले का मले? सरनं तवाच सांगतलं होतं, कोनी तोंड उघडाचं नाई. माह्यावर येऊ द्या, मी एकटा हाव."

बालमजुरीचा गुन्हा. माझ्याच जुन्या एका पत्रकात मी लिहिलं होतं, 'पालकांवरही कारवाई करा'. ठळक टाइपात.

मी तिथून सरळ सरांकडे गेले. माफी मागायला गेले होते, पण माझ्या तोंडून माफी निघाली नाही, राग निघाला. सरांच्या घरी खाटेवर बसून मी त्यांना विचारलं, "सर, तुमी धुऱ्यावर बसून शिकवलं, ते पुण्य आहे का? पोरं वावरात राहिली तर शाळा बुडते, ही एक तरी अडचण होती मालकाला. तुमी तीही काढून टाकली. मालक म्हणत असेल, कामही होतंय, शिक्षणही होतंय. म्हणूनच पोतं पाठवलं ना?"

सर रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी वही उघडली. आत शेवटची नोंद होती. 'ओव्हररायटिंग. तपासणी अधिकारी. मला. माप: बरोबर. हजेरीपट खोडायचा नसतो.'

"पोतं परत पाठवलं, हे टपरीवाल्यानं तुले सांगतलं नसन," ते म्हणाले. "बाकी तुह्यं बराबर हाय. मी बी तेच इचार करून राह्यलो, तीन सालापासून. उत्तर नाई भेटलं. पन उत्तर भेटेस्तोर पाढे कोन घेईन?"

मी म्हणाले, "हा युक्तिवाद नाही सर."

"नाई," सर म्हणाले. "युक्तिवाद नाईच हा."

जूनमध्ये शाळा विलीन झाली. फळे, बाकं, नकाशे टेंपोत भरून पुढच्या गावाला गेले. सरांची वेतनवाढ रोखली आणि बदली झाली नेरडीगोंड्याकडे, हायवेलगतच्या एका शाळेत. लेखी खुलासा मागितला होता, तेव्हा त्यांनी एकच ओळ लिहून दिली, 'मुले हजर होती, मी हजर होतो.' कुठे, ते लिहिलं नाही. बाबूनं म्हणे विचारलं, "बस, इतनाच?" त्याला सवय होती लांब भाषणाची.

आमच्या गावातले मुलगे पुढच्या गावी जातात, काही दिवस जातात, काही दिवस नाही. पोरींपैकी निम्म्या घरी बसल्या. मी शाळा परत उघडण्यासाठी दरखास्त केली. सुनावणी ठरली. तारीख देतानाच साहेबांनी सरळ विचारलं, पोरं खरोखर शिकत होती, याचा पुरावा काय? हजेरीपट तर खोडलेला आहे. माझ्याकडे पुरावा नव्हता. मावशी तोंड उघडणार नव्हती. सर तर नाहीच.

गेल्या हंगामात, सुनावणीच्या आदल्या रविवारी, मी स्कूटी घेऊन पूल ओलांडला. कळलं होतं की सर सुट्टीच्या दिवशी नेरडीगोंड्याहून बस बदलत बदलत अजून येतात. खरं वाटलं नव्हतं. खरं वाटलं नाही म्हणूनच गेले.

वावर रस्त्यापासून आत होतं. पऱ्हाटी छातीएवढी, बोंडं फुटून पांढरी झालेली. बाया ओळीत वाकलेल्या, कमरेला कापसानं फुगलेल्या ओट्या. त्यांच्या अधेमधे पोरं. आणि धुऱ्यावर सर, बाह्या मनगटापर्यंत, ओरडून इंग्रजीचे शब्द सांगत होते. पोरं न बघता, वेचता वेचता, मोठ्यानं परत म्हणत होती. पंचफुला मावशीची तेव्हा सहावीत असलेली पोरगी, आता घरी बसलेली, सगळ्यांत मोठ्यानं म्हणत होती.

माझा हात आपोआप पिशवीत गेला. एक फोटो. सर, पोरं, पाठीमागं पूल. एवढ्यानं सुनावणी फिरली असती. मला आजही तसंच वाटतं, हे लपवत नाही.

सरांनी मला पाहिलं. ते ओळीतून चालत माझ्याकडे आले. दम लागला होता.

"फोटो काढू नोको."

"सर, सुनावणी परवा आहे."

"ठाऊक हाय."

"शाळा परत येईल. ह्या पोरीच परत येतील शाळेत. दोन-चार घरांना त्रास होईल, होऊ दे ना, मी उभी राहीन त्यांच्या मागं."

"तू कुठंसा उभी राहशीन, आदिलाबादले?" त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. साधं विचारत होते.

बाया वेचायचं थांबवून आमच्याकडे पाहत होत्या. मावशीनं पोरीला हाताला धरून आपल्यामागे घेतलं होतं. मी फोन पिशवीत टाकला. बरोबर केलं की चूक, हे मला माहीत नाही. सुनावणी परवा आहे आणि माझ्या हातात काही नाही, एवढंच तेव्हा माहीत होतं.

सरांनी मान हलवली. परत निघाले, आणि दोन पावलं जाऊन थांबले. रस्त्याकडे पाहिलं. दूरवर पुलावरून कसलीतरी जीप येत होती.

"सुजे, गाडी तिकडं बाभळीमांगं लाव. रस्त्यावरून दिसून राह्यली."

मी स्कूटी ढकलत नेली. जमीन भेगाळलेली, चाक अडकत होतं. बाभळीमागं लावून, वर दोन वाळक्या फांद्या ओढून मी वळून पाहिलं. जीप न थांबता निघून गेली होती. धुरा रिकामा होता. सर एका ओळीत वाकले होते, पोरीशेजारी, तिच्या ओटीत बोंडं टाकत, आणि तिला काहीतरी हळू आवाजात विचारत होते. ती बोटं मोजत होती.